न्यूग्रेंजच्या थडग्यांतील ‘राजा’

आयर्लंडांतील मीथ परगण्यांत, बॉइन नदीच्या वळणाशीं, न्यूग्रेंज म्हणून जें नवाश्मयुगीन थडगें आहे त्याच्यासंबंधीं इ. स. २०२० च्या जून महिन्यांत ‘नेचर’ या नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध झाला. डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजांतील लारा कॅसिडी, डॅन ब्रॅडली व त्यांचे सहकारी हे त्याचे कर्ते. आयर्लंडांतील प्राचीन अस्थींतून आनुवंशिक द्रव्य काढून त्यांनीं एकंदर ४४ व्यक्तींची जनुकमाला वाचली. आणि त्यांपैकीं न्यूग्रेंजच्या गाभाऱ्यांतला एक प्रौढ पुरुष अत्यंत निकटच्या रक्तसंबंधांतून, म्हणजे सख्ख्या बहीणभावांच्या किंवा जन्मदाता व अपत्य यांच्या संबंधांतून, जन्मला होता असें त्यांना आढळून आलें. येथवर शास्त्र झालें. पुढें निबंधकारांनीं अनुमान केलें तें असें कीं, असा संबंध समाजानें मान्य केल्याचीं उदाहरणें जगाच्या इतिहासांत जवळजवळ केवळ देवस्वरूप मानलेल्या राजांच्या कुळांतच मिळतात. सबब हें थडगें बांधणाऱ्या समाजावर असेंच एखादें राजकुल अधिकार चालवीत असलें पाहिजे. निबंधाच्या मथळ्यांतच राजवंशाचा उच्चार आहे. वर्तमानपत्रांनीं या ‘पाहिजे’चें ‘होतें’ करण्यास फारसा वेळ लावला नाहीं, व न्यूग्रेंजचा देवराजा तेव्हांपासून लोकांच्या तोंडीं बसला.

इ. स. २०२५ मध्यें ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकांत जेसिका स्मिथ, नील कार्लिन प्रभृति संशोधकांनीं या राजाला प्रश्नचिन्ह जोडलें. दोन्ही निबंध समोर ठेवून विचार करतां आम्हांस असें वाटतें कीं, हा वाद एका अस्थीपुरता नाहीं. ज्या स्थळाला कायद्याचें संरक्षण आहे, ज्याची मोजणी, उत्खनन व डागडुजी आधुनिक पद्धतीनें झाली आहे, त्या स्थळाविषयींदेखील पुराव्याहून चार पावलें पुढें बोलण्याचा मोह विद्वानांस आवरत नाहीं. आणि तें पुढचें बोलणें एकदां रुजलें म्हणजे तेंच पुरावा म्हणून वावरूं लागतें. ज्या वाचकांची उभी हयात अस्सल व नक्कल कागद वेगळे करण्यांत गेली, त्यांना हा प्रकार अपरिचित वाटणार नाहीं.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. न्यूग्रेंज हें दगडमातीचें एक प्रचंड वर्तुळाकार टेकाड आहे. त्याचा व्यास सुमारें ८५ मीटर व उंची सुमारें १२ मीटर असून त्याखालीं एक एकराहून अधिक जमीन गेली आहे. पायथ्याशीं ९७ मोठाल्या शिळांची कड आहे. त्यांतल्या कित्येकांवर, विशेषतः प्रवेशासमोरच्या शिळेवर, वेटोळीं व चौकटी कोरलेल्या आहेत. प्रवेशांतून आंत सुमारें १९ मीटर लांबीची, दोहों बाजूंस उभ्या शिळा लावलेली अरुंद वाट जाते व ती एका गाभाऱ्यांत उघडते. गाभाऱ्यास तीन कोनाडे आहेत. कोनाड्यांत दगडी परळें ठेवलेलीं आहेत, व उजवीकडचा कोनाडा कोरीव कामानें सर्वांत सजलेला आहे. छत सुमारें सहा मीटर उंच. एकावर एक थोडथोडी पुढें काढलेली शिळांची वर्तुळें रचून शेवटीं एका शिळेनें तोंड बंद केलेलें. चुना नाहीं, कीं लोखंड नाहीं. आपल्याकडच्या यादवकालीन देवळांचीं छतें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना ही युक्ति लगेच ओळखूं येईल. वाटेवरच्या छताच्या शिळांवर पावसाचें पाणी बाजूस काढून देण्यासाठीं पन्हाळी कोरल्या आहेत, आणि फटींतून भाजकी माती व समुद्राकांठची वाळू ठासून भरली आहे. पांच हजार वर्षांनंतर आजहि गाभारा कोरडा राहतो. त्या ठासलेल्या मातींतील कोळशावरूनच किरणोत्सारी कर्बाच्या पद्धतीनें काळ निघाला, तो इ. स. पूर्व ३२०० च्या आसपास. म्हणजे गिझाच्या थोरल्या पिरॅमिडाहून हें बांधकाम सुमारें सहा शतकें आधींचें ठरतें. हा काळनिर्णय बांधकामाच्या पोटांतून निघालेल्या द्रव्यावर उभा आहे. छत रचतांना घातलेली माती मागाहून कोणी आणून टाकिली असें म्हणण्यास जागा नाहीं. या पुराव्याची जात वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ज्याविषयीं बोलावयाचें आहे त्याची जात निराळी आहे.

आतां संरक्षणाविषयीं. इ. स. १६९९ मध्यें चार्लस कॅम्बेल नांवाच्या जमीनदाराचे मजूर रस्त्याकरितां या टेकाडाचे दगड काढीत असतां त्यांना भुयाराचें तोंड लागलें. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचे एडवर्ड लूइड त्याच वर्षीं तेथें आले व त्यांनीं टिपणें केलीं. म्हणजे हें स्थळ विद्वानांस ठाऊक झालें तें रस्त्याच्या खडीमुळें! त्यानंतर दीडशें वर्षें हें कोणीं बांधलें याच्या कल्पनांचा सुकाळ झाला. टॉमस मॉलिन्यू यांनीं तें डेन लोकांच्या पदरांत घातलें. चार्लस व्हॅलन्सी यांनीं आयरिश पुराणवस्तूंचा संबंध पार पूर्वेकडील राष्ट्रांपर्यंत नेऊन भिडविला. उलट दिशेचाहि प्रकार झाला, व त्याचें उदाहरण आपल्या दक्षिणेंतलें आहे. निजामाच्या चाकरींतील कॅप्टन मेडोज टेलर यांनीं सुरपूर व भीमेकांठचें जेवर्गी या टापूंतील शिलावर्तुळें व दगडी थडगीं मोठ्या निगुतीनें उकरून त्यांचीं चित्रें काढलीं. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत त्यांचा निबंध डब्लिनच्या रॉयल आयरिश ॲकेडमीनें छापला. आणि त्याच्या मथळ्यांत दक्षिणेंतल्या या थडग्यांना ‘केल्टिक, ड्रुइडांचीं किंवा सिथियन’ अशीं विशेषणें लागलीं. टेलरसाहेबांचें उत्खनन आजहि वाखाणण्यासारखें आहे, विशेषणें मात्र केव्हांच गळून पडलीं. दक्षिणेंतलीं तीं थडगीं लोहयुगांतलीं, न्यूग्रेंजहून दोन हजारांवर वर्षांनीं अलीकडचीं. दगड दगडासारखा दिसला म्हणून माणसें एका कुळाचीं होत नाहींत.

इ. स. १८८२ च्या प्राचीन स्मारकसंरक्षणाच्या कायद्यानें न्यूग्रेंज व शेजारचीं नौथ व डौथ हीं दोन थोरलीं टेकाडें सरकारी संरक्षणाखालीं आलीं. कायदा यावयाच्या आधींच डौथचें नुकसान होऊन चुकलें होतें. तेथें १८४७-४८ सालीं रॉयल आयरिश ॲकेडमीच्या विद्यमानें जें खोदकाम झालें, त्याचा खळगा टेकाडाच्या माथ्यावर आजहि दिसतो. इ. स. १९९३ मध्यें हा सर्व परिसर जागतिक वारशाच्या यादींत घातला गेला. एकूण रस्तेवाल्यांच्या पहारीपासून न्यूग्रेंज सुटलें. पण पहार हें एकच हत्यार नव्हे.

इ. स. १९६२ ते १९७५ या काळांत कॉर्क येथील विश्वविद्यालयाचे प्राध्यापक मायकेल ओ’केली यांनीं येथें उत्खनन केलें. कोरीव कामाची नोंद त्यांच्या पत्नी क्लेअर ओ’केली यांनीं केली. प्रवेशाच्या बाजूस, कडेच्या शिळांबाहेर, टेकाडाच्या घसरलेल्या दगडांखालीं त्यांना पांढऱ्या गारगोटीच्या दगडांचा व त्यांत मिसळलेल्या गोल करड्या गोट्यांचा एक थर सांपडला. गारगोटी दक्षिणेकडील विक्लोच्या डोंगरांतली, गोटे उत्तरेकडच्या समुद्रकिनाऱ्यावरचे. म्हणजे दोन्ही वस्तू मुद्दाम दुरून आणिलेल्या. ओ’केलींनीं विचार केला कीं, हा थर म्हणजे कडेच्या शिळांवर उभ्या असलेल्या भिंतीचा कोसळलेला ढीग असावा. त्यांनीं अशी भिंत प्रयोगादाखल रचून कोसळविली व पडलेल्या दगडांची मांडणी ताडून पाहिली. प्रयोग प्रामाणिक होता. परंतु त्यानंतर जें झालें तें आमच्या मतें गैर झालें. सुमारें तीन मीटर उंचीची, जवळजवळ उभी, पांढरीशुभ्र भिंत पोलादी सळ्यांच्या काँक्रीटचा पाठिंबा देऊन टेकाडाच्या दर्शनी भागावर कायमची उभारण्यांत आली. एक अनुमान सिमेंटांत ओतलें गेलें.

या भिंतीवर आक्षेप घेणारे कमी नाहींत. चुन्यावांचून एवढी उभी भिंत मागच्या सैल दगडांचा रेटा सोसून किती दिवस टिकली असती, हा पहिला आक्षेप. दुसरा याहून महत्त्वाचा. जवळच्या नौथ येथें जॉर्ज ओगन यांनीं त्याच वर्षापासून उत्खनन चालविलें होतें. तेथेंहि प्रवेशासमोर अशीच गारगोटी सांपडली, परंतु ओगन यांनीं ती जमिनीवर पसरलेली फरसबंदी मानून तशीच जागच्या जागीं ठेविली. दोन मैलांच्या आंत, एकाच काळच्या, एकाच धर्तीच्या दोन थडग्यांसमोर एकच वस्तु. एकीकडे ती भिंत झाली व दुसरीकडे अंगण! दोघांपैकीं कोण बरोबर हें ठरविण्याचा आमचा आग्रह नाहीं. कदाचित् ओ’केलीच बरोबर असतील. तक्रार एवढीच आहे कीं, ओगन यांचें मत चुकीचें ठरल्यास तें उद्यां बदलतां येईल, आणि ओ’केलींचें मत चुकीचें ठरल्यास तें बदलण्यासाठीं सुरुंग लागेल. प्रवेशाच्या दोहों अंगांस आज ज्या काळ्या दगडांच्या आंत वळलेल्या भिंती दिसतात, त्या तर प्रेक्षकांच्या जाण्यायेण्याच्या सोयीसाठीं केलेली निव्वळ आधुनिक रचना होय. तरी चित्रांतून, पोस्टाच्या कार्डांवरून व पाठ्यपुस्तकांतून जगभर जें ‘पांच हजार वर्षांपूर्वींचें न्यूग्रेंज’ दाखविलें जातें तें हेंच. फाटक्या पत्रावर नवा कागद चिकटवून त्यावर आपल्या अक्षरांत गाळलेल्या ओळी लिहाव्या, आणि मग तें पत्र अस्सल म्हणून दप्तरांत बांधावें, असा हा प्रकार आहे. आमच्या मंडळींत असें कोणी करील तर त्याला दप्तराची किल्ली पुन्हां मिळणार नाहीं.

असें असलें तरी ओ’केलींच्या नांवावर न्यूग्रेंजचा सर्वांत पक्का शोधहि जमा आहे, आणि तो सांगितल्यावांचून त्यांच्यावर टीका करणें अन्यायाचें होईल. प्रवेशद्वाराच्या वर, वाटेच्या छतांत, एक दगडी झरोका आहे. त्याची कोरलेली वरची शिळा उत्खननापूर्वींहि बाहेर दिसत होती, पण ती कशाची हें कोणास उमगत नव्हतें. सूर्य अमुक दिवशीं या थडग्याच्या गाभाऱ्यांत शिरतो अशी एक बोलवा तेथील लोकांत होती. ओ’केलींनीं ती प्रमाण मानली नाहीं व टाकूनहि दिली नाहीं. ती तपासावयाची गोष्ट मानली. वाटेची दिशा पाहून त्यांनीं हिवाळ्यांतल्या सर्वांत लहान दिवसाचा तर्क बांधला, व २१ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे ते एकटेच गाभाऱ्यांत जाऊन बसले. सूर्योदयानंतर थोड्याच मिनिटांनीं झरोक्यांतून उन्हाची एक रेघ वाटेवरून सरकत गाभाऱ्यापर्यंत आली. आंत तो प्रकाश सुमारें सतरा मिनिटें राहतो. झरोका गारगोटीच्या ठोकळ्यांनीं बंद करीत असत, व ते पुन्हां पुन्हां सरकविल्याचे ओरखडे खालच्या शिळेवर उमटलेले आहेत. पुढें इतरांनीं स्वतंत्र मोजणी करून ही दिशा मूळ बांधकामांतलीच आहे, डागडुजीनें आलेली नाहीं, असें दाखविलें. अलीकडे कोणी कोणी झरोका हीच ओ’केलींची कारागिरी असल्याचा संशय घेतला. परंतु डागडुजीपूर्वींचीं छायाचित्रें उपलब्ध असल्यामुळें तो टिकण्यासारखा नाहीं.

पांढरी भिंत आणि झरोका या दोन गोष्टी एकाच माणसानें पुढें मांडल्या. मग एक डळमळते आणि दुसरी उभी राहते याचें कारण काय? झरोक्याच्या शिळा व वाटेच्या शिळा आपापल्या जागीं आहेत, आणि सूर्य दर वर्षीं साक्ष द्यायला येतो. ज्याला शंका असेल त्यानें त्या दिवशीं जाऊन बसावें. (आतां तसें बसावयासहि चिठ्ठ्या टाकून नंबर लावावा लागतो, ही गोष्ट वेगळी.) भिंतीचे दगड मात्र जागेवरून हललेले होते. हललेल्या वस्तूवरून मूळ मांडणीचा तर्क करतां येतो. त्या तर्काला साक्षीदार मिळत नाहीं.

हीच कसोटी आतां राजाला लावूं.

जिच्यावरून राजवंश उभा केला ती वस्तु म्हणजे कवटीचा, कानाजवळच्या टणक हाडाचा, एक तुकडा होय. सबंध सांगाडा नव्हे. ओ’केलींना गाभाऱ्यांत निदान पांच माणसांच्या अस्थि मिळाल्या, कांहीं जळलेल्या व कांहीं न जळलेल्या. त्यांतला हा एक. ‘सर्वांत सजविलेल्या कोनाड्यांत पुरलेला पुरुष’ असें त्याचें वर्णन निबंधांत येतें, आणि तें वाचतांच डोळ्यांपुढें कोनाड्याच्या सिंहासनावर निजविलेलें एक कलेवर उभें राहतें. परंतु हा गाभारा १६९९ पासून उघडा होता. अडीचशें वर्षें शिकारी, सहलीचे लोक, संग्राहक व जनावरें तेथें येऊन गेलीं. त्याहून मागें, रोमन काळांतलीं सोन्याचीं नाणीं देखील याच टेकाडापाशीं सांपडलीं आहेत. म्हणजे या जागेची वर्दळ पुरातन आहे. अशा ठिकाणीं उजव्या कोनाड्यांत मिळालेला हाडाचा तुकडा मूळचा उजव्या कोनाड्यांतलाच, हें कोणत्या आधारावर म्हणावयाचें? आणि तो तेथलाच धरला तरी सबंध देह तेथें ठेविला होता कीं इतरत्र कुजून सुटलेल्या अस्थींतून निवडक तुकडे आणून ठेविले होते, हा प्रश्न राहतोच. त्या काळच्या थडग्यांतून अस्थींची अशी निवड व हलवाहलव होत असे हें सर्वमान्य आहे. २०२५ च्या निबंधाचा रोख मुख्यतः याच मुद्द्यावर आहे, व तो आम्हांस निरुत्तर करणारा वाटतो.

पुढचा मुद्दा ‘समाजमान्य’ या शब्दाचा. एका मनुष्याच्या हाडावरून त्याच्या आईबापांचें नातें कळतें. तें नातें गांवानें पूजिलें कीं झांकून ठेविलें, खुषीचें होतें कीं बळजोरीचें, हें हाड सांगत नाहीं. निबंधकार म्हणतात कीं, ज्या अर्थीं अशा संबंधाच्या संततीला एवढ्या मानाच्या जागीं स्थान मिळालें त्या अर्थीं तो समाजानें मान्य केलेलाच असला पाहिजे. म्हणजे मानाच्या जागेवरून मान्यता सिद्ध करावयाची, मान्यतेवरून राजकुल सिद्ध करावयाचें, आणि राजकुल होतें म्हणून ती जागा राजाची ठरवावयाची! या सांखळीची पहिली कडी, म्हणजे जागा, तीच निसटती आहे हें वर आलेंच. शिवाय केवळ राजकुलांतच असे विवाह होत हा दाखलाहि निरपवाद नाहीं. रोमन अमदानींतील मिसर देशांत सामान्य शेतकरी व कारागीर कुटुंबांत सख्ख्या भावंडांचीं लग्नें होत असत, असें तेथील खानेसुमारीच्या अस्सल कागदांवरूनच दिसून येतें. ते कांहीं देवराजे नव्हते.

निबंधकारांनीं आपल्या मदतीस एक आख्यायिकाहि बोलाविली आहे. ती अशी: ब्रेसल नांवाच्या राजानें आकाशाला भिडेल असा मनोरा एका दिवसांत बांधविण्याचें मनांत आणिलें, त्याच्या बहिणीनें मंत्रबळानें सूर्याला अडवून धरिलें, पण राजानें बहिणीशीं संग केला, त्यासरशीं मंत्र भंगला, काळोख पडला व लोक काम टाकून निघून गेले. आयर्लंडच्या स्थलपुराणांतून ही कथा इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या सुमारास लेखनिविष्ट झाली. बहीणभावांचा संग, सूर्य व थडगें हीं तिन्ही एकत्र आलेलीं पाहून वाचकाला रोमांच उभे राहतात हें खरें. पण जरा थांबून पाहावें. ही कथा न्यूग्रेंजची नव्हेच. ती शेजारच्या डौथची आहे. कथेंत तो संग राजाचा विशेषाधिकार म्हणून येत नाहीं, पाप म्हणून येतो. त्या जागेच्या जुन्या नांवाचा अर्थच पापाची टेकडी असा केला जातो. आणि बांधकाम व कथालेखन यांत चार हजारांहून अधिक वर्षांचें अंतर आहे. मल्हार रामराव चिटणिसांनीं थोरल्या महाराजांची बखर त्यांच्यामागें सुमारें सव्वाशें वर्षांनीं लिहिली, तर तिच्यांतला प्रत्येक प्रसंग समकालीन कागदाशीं ताडल्यावांचून आपण घेत नाहीं. मग चार हजार वर्षांची बखर घ्यावी काय? यांत अधिक नवल असें कीं, याच ब्रॅडली व कॅसिडी यांनीं २०१६ सालीं रॅथलिन बेटावरील अस्थींवरून असें दाखविलें होतें कीं ताम्र-कांस्ययुगाच्या आरंभीं आयर्लंडांत नवे लोक आले व नवाश्मयुगीन रक्त मोठ्या प्रमाणावर मागें पडलें. माणसें बदललीं, आणि त्यांच्या आजीची गोष्ट मात्र जशीच्या तशी राहिली, असें म्हणावयाचें तर त्याला कांहीं आधार पाहिजे. ओ’केलींनीं सूर्याच्या बोलवेला गाभाऱ्यांत नेऊन उन्हांत तपासलें. ब्रेसलची कथा कोठें नेऊन तपासावयाची?

या ठिकाणीं आम्हांस कै. राजवाड्यांची आठवण होते. ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ लिहितांना त्यांनींहि वेदांतील व महाभारतांतील आख्यानें पुढें मांडून आप्तसंबंधांचा विचार केला, आणि त्यावर केवढा गदारोळ झाला हें वाचकांस ठाऊकच आहे. त्यांचें अनुमान असें कीं, आद्य समाजांत स्त्रीपुरुषसंबंधांवर आजच्यासारखें बंधन नव्हतें. म्हणजे हा प्रकार त्यांच्या मतें सर्वसामान्यांचा. आयर्लंडचे विद्वान त्याच जातीच्या खुणेवरून म्हणतात कीं हा प्रकार केवळ राजांचा. एकच धागा एकजण सर्वांच्या गळ्यांत घालतो आणि दुसरा एकाच्या मस्तकीं बांधतो. राजवाड्यांविषयीं आमच्या मनांत जो आदर आहे तो येथें सांगण्याचें कारण नाहीं. पण त्यांचें तें अनुमान आम्हांस पचत नाहीं, व हेंहि पचत नाहीं. एका खुणेवरून दोन परस्परविरुद्ध इतिहास निघत असतील तर ती खूण अजून बोलकी झालेली नाहीं, इतकेंच ठरतें.

राजपक्षाच्या बाजूनें दोन गोष्टी उरतात व त्या वजनदार आहेत, हें कबूल केलें पाहिजे. या पुरुषाचे आप्त सुमारें १५० किलोमीटर पश्चिमेस, कॅरोमोर व कॅरोकील येथल्या तशाच धर्तीच्या थडग्यांतून सांपडले. आणि अशा थडग्यांतल्या लोकांचा आहार इतरांहून निराळा होता असें अस्थींच्या रासायनिक परीक्षेनें दिसतें. यावरून एवढें निश्चित होतें कीं, देशाच्या दोन टोकांस हीं थडगीं बांधणारे लोक एकमेकांस परके नव्हते. त्यांच्यांत येणेंजाणें व सोयरिकी होत्या. हा खरोखर मोलाचा शोध आहे, व तो हाडांवांचून कधींच लागला नसता. पण तें नातें फार दूरचें आहे. बाप, लेक, नातू अशा गादीच्या क्रमाचें नाहीं. कोकणांतल्या व देशावरच्या दोन गांवांतून एका आडनांवाचीं घरें निघालीं म्हणजे तें आडनांव छत्रपतींचें होत नाहीं.

मग या थडग्याचें महत्त्व राजावांचून कमी होतें काय? आम्हांस तें उलट वाटतें. धातूचें हत्यार नाहीं, चाकाची गाडी नाहीं, लेखन नाहीं, अशा शेतकऱ्यांनीं दोन दिशांकडून गारगोटी व गोटे आणिले, ९७ शिळा टेकाडाभोंवतीं बसविल्या, पाणी न गळणारें छत रचलें, आणि वर्षांतल्या एका पहाटेचा नेम धरून वाटेची दिशा साधली. एवढें काम दंडुक्याच्या धाकानेंच होतें असें ज्यांना वाटतें, त्यांनीं आपल्याकडे गांवकीनें बांधलेलीं तळीं व देवळें पाहावींत. तें राजाज्ञेनें झालें नसेलच असें आम्ही म्हणत नाहीं. तें कोणाच्या आज्ञेनें झालें हें दगडांनीं अद्याप सांगितलेलें नाहीं, म्हणून तें आम्ही त्यांच्या तोंडीं घालीत नाहीं.

एक गोष्ट मात्र या वादांत दोन्ही बाजूंनीं जितकी पुढें यावयास पाहिजे तितकी आली नाहीं. अशा धर्तीच्या थडग्यांतून ज्यांच्या अस्थि ठेविल्या गेल्या त्यांपैकीं पुष्कळांचें आधीं दहन झालेलें होतें. जळलेल्या हाडांतून आनुवंशिक द्रव्य निघत नाहीं. तेव्हां ज्या ‘घराण्या’चा वंशवृक्ष काढला जात आहे तो न जाळलेल्यांचा वंशवृक्ष आहे, जाळलेले कोण होते, ते यांचे भाऊबंद कीं चाकर, कीं यांच्याहून मोठ्या मानाचे, याविषयीं त्या वृक्षांत एक पानहि नाहीं. आमच्याकडे तर ज्याला अग्नि मिळाला तो मानाचा, आणि मूठमाती पुष्कळदां लेंकरांच्या वांट्याला. न्यूग्रेंजला कोणता नेम होता? ओ’केलींना मिळालेल्या पांच माणसांपैकीं ज्यांचीं हाडें जळलेलीं होतीं त्यांचे तुकडे त्याच गाभाऱ्यांतून निघाले. त्यांची मोजदाद, वय, दहनाची तऱ्हा व ते कोणकोणत्या जागीं मिळाले यांची फेरतपासणी आधीं व्हावी. राजाचा विचार त्यानंतर करतां येईल.